सांडपाण्याला धनी हवा

काली बेईं या पंजाबातील लहानशा नदीविषयी आपल्या सरकारी वर्तुळांत गेल्या पंचवीस वर्षांत इतके गोड बोलले गेले आहे की, तिच्या निमित्ताने चार कडू शब्द बोलणे आता कोणाला तरी भागच आहे. नदी जुनी आणि पवित्र. होशियारपूर जिल्ह्यात उगम पावून, कपूरथळ्याजवळून वाहत, सुलतानपूर लोधीच्या घाटांना स्पर्श करीत सुमारे १६० किलोमीटरांनी ती हरिकेच्या परिसरात बियास-सतलजांना मिळते. गुरू नानकदेवांना आत्मबोध झाला तो याच नदीच्या ठायी, अशी शीख परंपरेची श्रद्धा आहे. आपले नामदेवमहाराज ज्या घुमानास राहिले ते गावही बियासच्या पलीकडे, फार दूर नाही. २०१५ साली तेथे साहित्यसंमेलन भरले तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी त्या बाजूचा प्रवास केला असेल.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या नदीची अक्षरशः गटारगंगा झाली होती. काठची पाच-सहा शहरे आणि चाळीसएक खेडी आपली सारी घाण तिच्यात सोडीत होती. पात्र जलपर्णीने झाकून गेले होते, आणि कित्येक ठिकाणी येथे नदी आहे हे सांगावे लागत होते. २००० साली संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी कारसेवा आरंभिली. हजारो माणसे स्वतःच्या हातांनी गाळ उपसू लागली, जलपर्णी ओढून काढू लागली, काठाने रस्ते आणि घाट बांधू लागली. २००६ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम मुद्दाम सुलतानपूर लोधीस येऊन हे काम पाहून गेले. २०१७ साली संतांना पद्मश्री मिळाली, २०२२ पासून ते राज्यसभेत बसतात. दरम्यान, २०१५ नंतर, 'नमामि गंगे'च्या कारभाऱ्यांनी गंगाकाठच्या सोळाशेंहून अधिक ग्रामपंचायतींत सीचेवाल पद्धत नेण्याचा मनोदय जाहीर केला. हे सर्व यथायोग्यच झाले. ज्या माणसाने कमरेइतक्या घाणीत उतरून काम केले त्याचा सत्कार होऊ नये, असे कोण म्हणेल?

परंतु या सर्वांतून आपल्या परिपत्रकांनी जो बोध घेतला तो असा: लोकांनी मनावर घेतले तर काहीही अशक्य नाही, सबब, लोकांनी मनावर घ्यावे. प्रस्तुत लेखकाचा वाद आहे तो या 'सबब'शी. संतांच्या गळ्यात हार घालून आपण आपल्या गळ्यातील जबाबदारी अलगद काढून ठेवली आहे, आणि 'लोकसहभाग' या सुंदर शब्दाखाली ती झाकली आहे.

सीचेवाल हे जालंदर जिल्ह्यातील एक खेडे. नदी साफ केल्यावर थोड्याच दिवसांत कोणालाही कळले असते ते तेथे वेळेवर कळले: वरून गावांची गटारे वाहतच राहिली तर खाली कितीही गाळ उपसला तरी तो पालथ्या घड्यावर पाणी ओतण्याचा उद्योग होय. म्हणून नदी सोडून गावाकडे जावे लागले. घराघरांचे सांडपाणी जमिनीखालच्या नळांतून गावाबाहेर एका ठिकाणी आणले. तेथे प्रथम जाळी. तिच्यात चिंध्या, प्लॅस्टिक, कडबा अडकतो. पुढे एकापुढे एक अशा तीन विहिरी. पहिल्या विहिरीत पाणी कडेने, तिरके सोडतात, म्हणून ते भोवऱ्यासारखे फिरते आणि रेती, माती तळाशी बसते. पुढच्या विहिरींत तेल आणि तवंग वर राहतो, राहिलेला गाळ खाली जातो. मग ते पाणी उथळ तळ्यात काही दिवस उन्हात पडून राहते. तेथून पंपाने उचलून ते शेतात जाते, आणि नदीच्या वाटेला ते येतच नाही.

यात चमत्कार कोठे आहे? उथळ तळ्यात ऊन शेवाळाला पोसते, शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडते, त्या प्राणवायूवर जिवाणू घाण खातात, आणि जिवाणूंनी सोडलेल्या अंगारवायूवर पुन्हा शेवाळ जगते. आपल्या देशात ऊन फुकट असल्याने हा व्यवहार येथे जितका स्वस्तात चालतो तितका युरोपात कधीच चालणार नाही. हे ज्ञान काही पंजाबच्या डेऱ्यात प्रथम प्रकट झाले नाही. नागपूरची जी संस्था आज 'नीरी' म्हणून ओळखली जाते, ती १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीच्या संशोधनासाठीच स्थापन झाली, आणि तिच्या पहिल्या बारा-पंधरा वर्षांतील महत्त्वाच्या कामांत ही तळी होती. सोली आर्सीवाला आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० साली या तळ्यांची रचना, बांधणी आणि देखभाल यांवर अख्खा ग्रंथ सिद्ध केला. म्हणजे सीचेवालात कारसेवा सुरू होण्यापूर्वी तीस वर्षे ही विद्या नागपुरात छापून तयार होती. ती तीस वर्षे आपल्या खात्यांच्या कपाटांत काय करीत होती, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

सीचेवालात नवे जे होते ते विद्येत नव्हते. तेथे रोज सकाळी जाळी साफ करणारा कोणीतरी होता. पंप बिघडला तर तो आजच दुरुस्त झाला पाहिजे असे वाटणारा कोणीतरी होता. तळ्याचे पाणी कोणाच्या शेतात कोणत्या दिवशी जाणार हे ठरविणारा, आणि ज्याचा शब्द दोन्ही शेतकरी मानतील असा कोणीतरी होता. थोडक्यात, त्या सांडपाण्याला धनी होता. डेऱ्याच्या अधिकाराने आणि श्रद्धेच्या बळावर तो धनी निर्माण झाला, हे त्या गावाचे भाग्य. पण देशातील सहा लाख खेड्यांत सहा लाख संत निर्माण होण्याची वाट पाहणे, हे धोरण होऊ शकत नाही. पिण्याचे पाणी, टपाल, वीज यांपैकी कशासाठीही आपण संतांची वाट पाहिली नाही. तेथे वेतनावर माणूस नेमला. मग गटारालाच संत का लागावा?

याचे उत्तर अप्रिय आहे आणि ते आपल्याच टेबलांवर पडलेले आहे. या मासिकाचे बहुसंख्य वाचक कोणी लखनौस, कोणी पाटण्यास, कोणी चंदीगढ वा भोपाळास सरकारी अधिकारावर आहेत; त्यांतील कित्येकांच्या सहीने गावांच्या नळयोजना पूर्ण झाल्याचे दाखले निघतात. २०१९ साली जलजीवन मिशन जाहीर झाले तेव्हा ग्रामीण भागात सव्वातीन कोटींच्या आसपास घरांत नळ होता. आज तो पंधरा कोटींहून अधिक घरांत पोहोचल्याची नोंद आहे. हे मोठे काम आहे आणि डोक्यावरून हंडे वाहणाऱ्या बायाबापड्यांचे त्याने खरोखर कल्याण झाले आहे. पण दर माणशी दर दिवशी ५५ लिटर हे जे प्रमाण आपण ठरविले, त्याचे पुढे काय होते? दोन हजार वस्तीच्या गावास रोज १ लाख १० हजार लिटर पाणी येते. अभियंत्यांच्या नेहमीच्या आडाख्याप्रमाणे त्यातील ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, म्हणजे ८८ हजार लिटर. वर्षाचा हिशेब तीन कोटी लिटरांच्या वर जातो. पूर्वी आडावरून चार घागरी आणणाऱ्या घरातून जेवढे पाणी सांडत असे, ते अंगणातील अळूला आणि केळीला पुरे होत नसे. आज त्याच घराच्या दारात बारमाही डबके आहे. हे डबके अज्ञ गावकऱ्याने केलेले नाही. ते शासनाने, शासनाच्या खर्चाने, शासनाच्या दाखल्यानिशी केले आहे. नळ येईपर्यंत सर्व काही 'योजना' असते. मोरीतून पाणी बाहेर पडताच ते 'लोकसहभागा'चे होते. ही विभागणी कोणत्या न्यायाने झाली?

मार्गदर्शक पुस्तिकेत सांडपाण्याचा उल्लेख नाही असे नव्हे. उल्लेख आहे, पण पैसा अन्य योजनांतून जुळवावा, असे सांगून तो सोडून दिला आहे. नळासाठी २०१९ साली ३ लाख ६० हजार कोटींचा अंदाज केला गेला. स्वच्छ भारताचा ग्रामीण दुसरा टप्पा २०२० साली मंजूर झाला, त्यात पाच हजार वस्तीपर्यंतच्या गावांना सांडपाण्यासाठी दरडोई कमाल २८० रुपये धरले गेले. दोन हजारांच्या गावास ५ लाख ६० हजार! एवढ्यात जमिनीखालचे नळ, विहिरी, तळे आणि पंप कसा बसवावा, हे ज्यांनी आकडा ठरविला त्यांनी एकदा जमिनीवर आखून दाखवावे. आणि एवढे करूनही हे पैसे बांधण्याचे, चालविण्याचे नव्हेत.

या प्रकरणातील शब्दही कसे सोज्वळ आहेत पाहा. गावाच्या गटारातील पाण्याला कागदोपत्री 'ग्रेवॉटर' म्हणतात. म्हणजे न्हाणीघराचे आणि स्वयंपाकघराचे, संडासाचे नव्हे. कागदावर गावातील प्रत्येक संडास दोन खड्ड्यांचा असतो. प्रत्यक्षात ज्याच्या हाती चार पैसे आले त्याने सेप्टिक टाकी बांधली, तिला शोषखड्डा केला नाही, आणि तिचे वरचे पाणी रस्त्याच्या गटारात सोडले. पंजाबात तर दारोदार म्हशी आहेत. गोठे धुतलेले शेण त्याच गटारात येते. अशा पाण्याला राखाडी म्हणणे हा रंगांधळेपणा झाला. शब्द सौम्य केला की उपाय सौम्य होतो, उपाय सौम्य झाला की अंदाजपत्रक आखूड होते, आणि नदीच्या वाट्याला मात्र पाणी जसे आहे तसेच जाते.

आता कोणी म्हणेल की, तळ्यांचे हे काम गावंढळ आहे. आधुनिक यंत्रे बसवावीत, कारण तळ्याचे पाणी नदीत सोडण्याच्या मानकाला उतरत नाही. हा आक्षेप बहुधा यंत्रे विकणाऱ्यांकडून येतो, पण तो प्रामाणिक अभियंत्यांकडूनही येतो, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. आपल्याच कायद्याखालील सर्वसाधारण मानके पाहावीत. नदीनाल्यात सोडण्याच्या पाण्याची जैविक प्राणवायूची मागणी लिटरमागे ३० मिलिग्रॅमांच्या आत हवी. शेतीसाठी जमिनीवर सोडावयाच्या पाण्यास १०० मिलिग्रॅमांपर्यंत मुभा आहे. खेड्याचे कच्चे सांडपाणी साधारणतः दोनशे-तीनशेच्या घरात असते. ते तीसवर आणण्यासाठी यंत्र, वीज आणि शिकलेला चालक हवा. शंभराच्या आत आणण्यास नीट राखलेले तळे आणि ऊन पुरे. म्हणजे कायद्याने स्वतःच सांगितले आहे की खेड्याचे पाणी शेतात न्या. आपण मात्र ते नदीत नेण्याचा हट्ट धरतो, मग तीसचा आकडा गाठण्यासाठी यंत्र मागतो, आणि यंत्राचे वीजबिल ग्रामपंचायतीला झेपले नाही म्हणजे गावकऱ्यांत जागृती नाही असा शेरा मारतो. ज्या पंजाबात दीडशेंवर गटांपैकी शंभराहून अधिक गटांतील भूजल प्रमाणाबाहेर उपसले जात आहे, तेथे तीन कोटी लिटर खतयुक्त पाणी ओढ्यात ओतणे ही चैन कोणाला परवडणार?

तळ्याला जागा नाही, हा दुसरा आक्षेप. दोन हजारांच्या गावास सुमारे एकरभर तळे लागते, आणि पंजाबातील बहुतेक प्रत्येक गावाला असे तळे पूर्वापार होतेच. तेथे त्याला 'छप्पड' म्हणतात. ते गेले कोठे, याची साक्ष सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात आहे. पटियाला जिल्ह्यातील रोहर जागीर या गावच्या तळ्यात काही मंडळींनी माती भरून घरे बांधली. ग्रामपंचायत दाद मागावयास गेली तेव्हा कलेक्टरसाहेबांनी निर्णय दिला की, त्यांना हुसकावणे लोकहिताचे नाही. पंचायतीने जमिनीची किंमत वसूल करून घ्यावी. कमिशनरांनी तो निर्णय फिरविला, आणि २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कमिशनरांचे म्हणणे उचलून धरून सर्व राज्यांना गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याच्या योजना आखण्यास फर्मावले. एकाच जिल्ह्याच्या कारभारात दोन अधिकारी, एकाने तळे विकायला काढले, दुसऱ्याने राखले. यात 'लोकसहभाग' कोठे आला? सहीचा प्रश्न होता.

सीचेवाल पद्धत निर्दोष आहे असे म्हणण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे, कारण तिच्या भाटांनी तिचे जेवढे नुकसान केले तेवढे तिच्या निंदकांनी केले नाही. काली बेईंतच २०१० नंतरच्या दशकात मासे मरून तरंगल्याच्या बातम्या एकदा नव्हे, अनेकदा आल्या. उन्हाळ्याच्या तोंडाशी वरून येणारे ताजे पाणी घटले आणि शहरांची घाण चालूच राहिली की दुसरे काय होणार? खेड्यांनी आपले पाणी शेतात वळविले तरी शहराचे गटार कोण वळविणार? तेथे कारसेवा चालत नाही. शिवाय अशा पाण्यावर गहू, चारा, झाडे घ्यावीत. कच्च्या खाण्याची पालेभाजी घेऊ नये, कारण जंतांची अंडी उन्हाला सहजी दाद देत नाहीत. विहिरींतील गाळ वेळच्या वेळी निघाला नाही तर तो तळ्यात जातो. तळ्यातील पाणी उपसले गेले नाही तर तेच तळे गावच्या डासांचे माहेरघर होते. यांपैकी एकही दोष पद्धतीच्या तत्त्वात नाही. प्रत्येक दोष हा 'उद्या कोण करील' या प्रश्नाचे उत्तर नसल्याने येतो.

आणि त्या गाळाविषयी. विहिरीतील गाळ कोण काढणार? कारसेवेत जमीनदाराच्या मुलापासून मजुरापर्यंत सर्वजण घाणीत उतरले, हे त्या चळवळीचे खरे तेज होते. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी आणि विदर्भात गाडगेबाबांनी हेच करून दाखविले होते. परंतु कारसेवा उत्सवाच्या दिवशी असते, गाळ बारा महिने साठतो. उत्सव संपला की गावाला आपोआप एक विशिष्ट आळी आठवते, आणि त्या आळीतील एखादा तरुण दोरीला धरून खाली उतरतो. सांडपाण्याच्या बंद विहिरीतील वायूने माणूस क्षणात कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. २०१३ च्या कायद्याने साधनांशिवाय असे उतरविण्यास बंदी केली आहे. तरीही गटारात गुदमरलेल्यांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. धनी नसलेल्या सांडपाण्याची किंमत अखेर हा माणूस देतो. म्हणून सांडपाण्यासाठी पगारी माणूस, गाळ ओढणारा पंप आणि त्याच्या डिझेलचा खर्च यांची तरतूद मागणे ही हिशेबी बाब नाही, ती माणसाच्या जिवाची बाब आहे.

आपल्या महाराष्ट्राने या बाबतीत नाक वर करण्याचे कारण नाही. काली बेईंवर कारसेवा सुरू झाली त्याच सुमारास, २०००-०१ साली, महाराष्ट्रात संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गावे झाडली गेली, भिंती रंगल्या, बक्षिसे वाटली गेली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीसारख्या गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारेच नाहीशी केली, हे खरोखर अनुकरणीय. पण स्पर्धेत पहिले येण्यासाठी समिती येईपर्यंत गटार साफ राहिले की पुरते. नदीला मात्र समिती गेल्यानंतरचे दिवस मोजावे लागतात. २०२२ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने घनकचरा आणि सांडपाण्याच्या हेळसांडीपायी महाराष्ट्रावर १२,००० कोटींची आणि पंजाबवर दोन हजार कोटींहून अधिक भरपाई बसविली. गाडगेबाबांचे राज्य या यादीत नानकदेवांच्या राज्याच्या सहापट पुढे निघाले. त्या रकमांचे पुढे न्यायालयांत काय व्हायचे ते होवो. दंड भरला तरी सकाळी जाळी साफ करणारा माणूस त्यातून नेमला जात नाही.

तेव्हा वाचकहो, आपल्याला नदी साफ करावयास कोणी सांगत नाही, गाळात उतरावयासही नाही. प्रस्तुत लेखकाची मागणी आपल्या टेबलापुरती आहे. नळयोजना पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही करण्यापूर्वी त्यावर चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. या गावाचे सांडपाणी ज्या तळ्यात जाईल त्याचा भूमापन क्रमांक आणि ते अतिक्रमणमुक्त असल्याची तारीख. ज्या शेतांत ते पाणी उचलले जाईल त्यांच्या धन्यांची लेखी संमती. जाळी, पंप आणि गाळ यांची रोजची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्या माणसाचे नाव आणि त्याचे मासिक वेतन. ते वेतन आणि पंपाचे वीजबिल ज्या शीर्षाखाली पडेल ते शीर्ष. यांपैकी एकही रकाना रिकामा असेल तर तो दाखला परत पाठवावा, आणि परत पाठविण्याचे कारण म्हणून 'लोकसहभागाचा अभाव' असे न लिहिता 'तरतुदीचा अभाव' असे लिहावे.